चाचणी क्रमांक दोनशे सात

उंच डोंगरांत वसलेल्या आमच्या ला पास शहरात एक कायदा आहे. साल्तेन्या खाताना ज्याच्या हातून रस्सा सांडेल, त्याने टेबलावरच्या सगळ्यांना खिलवायचं. मांसाच्या पातळ रश्श्याने गच्च भरलेली ती भाजकी करंजी उभी धरायची, टोकाला इवलंसं भोक पाडायचं आणि आधी रस्सा ओढून घ्यायचा, हे इथल्या पोरांना बोलण्याआधी येतं.

त्या माणसाला ते येत नव्हतं.

तेवीस जानेवारीची सकाळ. मिराफ्लोरेसच्या रस्त्यावर गारा तडतडत होत्या आणि कोपऱ्यावरच्या त्या चिमुकल्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका हातात साल्तेन्या आणि दुसऱ्या हातात माझी यादी धरून बसले होते. इतक्यात एक उंच, भिजलेला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला माणूस माझ्यासमोर येऊन बसला, भूक लागलेल्या मुलासारखा हसला, आणि त्याने साल्तेन्याच्या बरोब्बर मधोमध दात रोवले…

सगळा रस्सा माझ्या कागदांवर.

"अहो!"

"अरे देवा! माफ करा, माफ करा…" तो रुमाल काढून कागद खसाखसा चोळायला लागला.

"चोळू नका! टिपा! टिपायचं असतं!"

"हो, हो… टिपतो." तो टिपायला लागला. लांब, नीटस बोटं होती त्याची. मी चिडलेली असतानासुद्धा हे माझ्या लक्षात आलं, म्हणून आणखी चिडले.

"खालच्या मैदानी मुलखातले ना तुम्ही? सांता क्रूसचे?"

"कशावरून ओळखलंत?"

"ला पासला जानेवारीत या शर्टात दुसरं कोण येणार? आणि दोन पायऱ्या चढून धापा टाकताय."

"धाप इथल्या उंचीमुळे नाही लागली," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुमच्या आवाजामुळे लागली."

शेजारची म्हातारी खुदकन हसली. मी नाही हसले… म्हणजे, थोडंसंच. तेवढ्यात त्याची नजर कागदावर गेली आणि बोटं थांबली.

"चाचणी क्रमांक दोनशे सात… यादीत सगळ्यात वर." त्याने डोळे उचलले. "तुम्ही डब्ल्यू. चुकिमिया?"

"ई. रोका?" मी विचारलं.

दोन महिने आम्ही दोघं मेलवर भांडत होतो. माझ्या मनातला ई. रोका पन्नाशीचा, टकला आणि पोटाच्या तक्रारींनी गांजलेला होता. 'तुमची यादी भावनिक आहे' असं ज्याने मला लिहिलं होतं, तो माणूस असाच असायला हवा होता. केसांतून पाणी ठिबकतंय, गालावर मटाराचा दाणा चिकटलाय आणि डोळे हसरे, असा नव्हे.

"एवेर," तो म्हणाला.

"वारा," मी म्हणाले. "आणि रस्सा तुम्ही सांडलात. सगळ्यांना एकेक साल्तेन्या."

त्याने खरंच खिलवली. अकरा जणांना.

*

आमच्या कामाची गोष्ट अशी होती. शहराच्या रक्तकेंद्रात रुग्णाच्या नावाने रक्ताची पिशवी राखून ठेवतात आणि तिच्यावर त्याच्या ओळखपत्राच्या क्रमांकाचं लेबल लावतात. ती नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. पुढे तीन रुग्णालयांत ते लेबल वाचून पिशवी योग्य माणसाला जोडणारं सॉफ्टवेअर एवेरच्या कंपनीचं. लेबल छापायचं कामही त्यांच्याकडेच. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या घरी शहाणी होती. पण दोन शहाणी माणसं एका स्वयंपाकघरात आणली की काय होतं ते कुठल्याही सासूला विचारा. म्हणून दोघांना जोडून चाचण्या घ्यायच्या होत्या. एकूण तीनशे बारा.

सगळ्या होणं शक्यच नव्हतं. प्रत्येक चाचणीला सात मिनिटं लागत, आणि आमच्याकडे उरला होता कामाचा दीड दिवस. कारण ओरुरोच्या रस्त्यावर नऊ दिवस रास्ता रोको होता, आणि त्यात अडकलेल्या एका ट्रकमध्ये आमचा लेबल छापायचा प्रिंटरही होता. त्याची वाट बघण्यातच बाकीचे दिवस गेले.

तारीख पुढे ढकलता येत नव्हती. चोवीस जानेवारी म्हणजे आलासितास. त्या दिवशी आम्ही वर्षभरात जे हवं त्याची छोटीशी प्रतिकृती विकत घेतो. बोटाएवढं घर, नखाएवढी बॅग. आणि दुपारी बाराच्या ठोक्याला तिला धूप दाखवून घेतो. बाराला जे सुरू होतं ते फळतं, यावर ला पासमधल्या डॉक्टरांचाही विश्वास आहे. त्यामुळे केंद्राच्या प्रमुख डॉ. सापाना यांनी उद्घाटन बाराला ठेवलं होतं, पाहुण्यांसकट.

"सोप्या सोप्या आधी उरका," आमचे साहेब, इंजिनिअर गुमुसिओ, खोलीत येता येता म्हणाले. "पडद्यावर हिरवं हिरवं दिसलं पाहिजे. लाल मला नको."

"जे रोज शंभरदा घडतं ते आधी तपासू," एवेर म्हणाला. "साधा रुग्ण, साधी पिशवी. शंभरांतल्या नव्वदांचं काम तरी अडायला नको."

"जे चुकलं तर माणूस जाईल ते आधी," मी म्हणाले. "आणि त्यातही, जिथे तुमची आणि आमची हद्द मिळते ते सगळ्यात आधी. चूक घराच्या मधोमध बसत नाही. ती उंबरठ्यावर बसते."

"आणि त्यातही दोनशे सात?" एवेरने भुवई उचलली. "वर्षातून एकदा घडणारी गोष्ट?"

आता दोनशे सात म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे पूर्वी कधीतरी एकच ओळख क्रमांक चुकून दोन माणसांना दिला गेला. मग दुसऱ्याच्या क्रमांकाला मागे एक आकडा आणि एक अक्षर चिकटवून दिलं. माझी आई त्याला शेपूट म्हणते. कारण तिला ते आहे. तिचा क्रमांक ओरुरोच्या कुणा फेलिसालाही मिळालेला आहे. फरक काय तो शेपटीचा. येत्या सोमवारी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, त्या तीन रुग्णालयांपैकीच एकात. तिच्यासाठी पिशवी राखून ठेवलेली होती.

हे मी सांगितलं.

"म्हणजे आईचा वशिला," एवेर हळूच म्हणाला.

"वशिला नाही. आई."

त्याने मान खाली घातली आणि दोनशे सात सुरू केली. मी दोन खोटे रुग्ण बनवले, आईच्या नावाची बास्तियाना आणि ती फेलिसा. क्रमांक एकच, एकीला शेपूट, रक्तगट वेगळे. प्रिंटर नव्हता, म्हणून क्रमांक हाताने टाकला. सात मिनिटं मी श्वास धरून उभी होते.

हिरवी. पास.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "सात मिनिटं पाण्यात."

माझे कान तापले. एवेर फिदीफिदी हसला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. पण त्याने यादी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "आता एक तुमची, एक माझी. आळीपाळीने. चालेल?"

चाललं. दिवसभर चाललं. एक त्याची, एक माझी. त्याची पास झाली की तो टेबलावर दोन बोटांनी ताल धरायचा. माझी नापास झाली – चार झाल्या – की मी आनंदाने टाळी वाजवायची आणि त्याचा चेहरा पडायचा.

"चूक सापडली की इतका आनंद?"

"उद्या सापडण्यापेक्षा आज सापडली. आनंद नको?"

"तुम्ही माणसांनाही असंच तपासता का?"

"तुम्हाला सकाळीच तपासलं. पहिल्याच घासाला नापास."

"फेरपरीक्षा असते का?"

मी पडद्याकडे बघत राहिले. "…बघू."

दुपारी त्याचा रंग पांढराफटक पडला. उंची बाधली होती. मी कोकाच्या पानांचा चहा करून दिला, तो त्याने औषधासारखा डोळे मिटून प्यायला. मग म्हणाला, "उद्या बाराच्या आत सगळं विकत घेणं जमतं लोकांना?"

"कधीच नाही. गर्दी इतकी असते. आधी काय घ्यायचं ते ठरवून जावं लागतं."

"कसं ठरवता?"

"जे मिळालं नाही तर वर्षभर रुखरुख लागेल, ते आधी."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "तुमच्या यादीसारखंच," तो म्हणाला. पुढच्या चाचणीचा आकडा मी दोनदा चुकीचा टाकला.

*

संध्याकाळी पाच वाजता केंद्रासमोरच्या चौकात आईची मांडामांड चालू होती. ती प्रतिकृती बनवते, तीस वर्षं. घरं, पदव्या, बॅगा, ओळखपत्रं… सगळं बोटभर. "मला बघायचंय," असं म्हणत एवेर माझ्यामागे आला. रस्ता ओलांडताना गाडी आली तेव्हा त्याने माझं कोपर धरलं, आणि गाडी गेल्यावर सोडायला विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

आईने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "थंडीने मरशील, बाबा. कोट नाही?"

"दोन दिवसांसाठी कशाला घेऊ, म्हटलं."

"दोनच दिवस?" आईने माझ्याकडे बघितलं. मी एका चिमुकल्या बॅगेचं कुलूप उघडत बसले.

एवेर फळीवरच्या वस्तू बघत होता. त्याने एक मातीचा कोंबडा उचलला. लाल तुरा, छाती पुढे. "हा द्या." आणि तो माझ्या हातात ठेवला. "तुमच्यासाठी. सकाळी सहाला मेल पाठवून मला उठवायचात ना दोन महिने? म्हणून."

आईचा हात हवेत थांबला. शेजारची बटाटे विकणारी बाई, तिच्या पलीकडची बोटभर खोट्या नोटा विकणारी बाई, सगळ्या चौकाने एकदम श्वास घेतला… आणि मग जो हशा पिकला!

"काय झालं?" एवेर गोंधळला.

"काही नाही," मी म्हणाले. माझा चेहरा तुऱ्यासारखा लाल झाला असणार. "उद्या बारा वाजता सांगते."

आमच्याकडे आलासितासला बिनलग्नाच्या मुलीला कोंबडा देतात, लवकर नवरा मिळावा म्हणून. मुलाला कोंबडी. स्वतः विकत घेतलेली लागू पडत नाही, कुणीतरी द्यावी लागते.

हसू आवरत आईने विषय बदलला आणि आपली कला दाखवायला घेतली. अंगठ्याच्या नखाएवढं ओळखपत्र. "बघ, हे माझंच. फोटो, नाव, क्रमांक."

"आणि शेपूट?" एवेरने विचारलं. "तुम्हाला शेपूट आहे म्हणे."

"एवढ्याशा कार्डावर शेपूट कुठे मावणार? जागाच नाही. मी कापून टाकते."

एवेर हसत होता. मग हसायचा थांबला. त्याने ते कार्ड डोळ्यांजवळ धरलं, खाली ठेवलं, आणि "मी… मला जायला हवं," असं पुटपुटत अक्षरशः पळाला. वळूनही न बघता.

"कोणीतरी अर्थ सांगितला वाटतं त्याला," शेजारीण म्हणाली.

मी कोंबडा पिशवीत टाकला. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. एका दिवसाच्या ओळखीसाठी रडायचं? ही गोष्ट माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हती.

*

चोवीस तारखेला सकाळी साडेआठला मी पोहोचले तेव्हा तो माझ्याआधी हजर होता. रास्ता रोको उठून प्रिंटर रात्रीत ओरुरोहून येऊन पडला होता आणि तो गुडघ्यांवर बसून त्याच्या तारा जोडत होता. मी काही न बोलता कोंबडा माझ्या टेबलावर ठेवला. मुद्दामच.

नऊ वाजता साहेब आले. "साडेअकरापर्यंत वीस होतील. जास्तीत जास्त घडणाऱ्या घ्या. आणि पास झालेली परत घ्यायची नाही! वेळ नाही."

"पहिली दोनशे सात," एवेर म्हणाला.

मी चमकून बघितलं.

"ती पास झाली आहे!" साहेब ओरडले.

"हाताने टाकून. लेबलाशिवाय. लेबलावर क्रमांकाला किती जागा द्यायची ते मी ठरवलं होतं. सात घरं. शेपटीला एकही नाही." त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "काल तुझ्या आईचं ते कार्ड बघितलं आणि ती सात घरं आठवली. खात्री नव्हती, म्हणून बोललो नाही. आजच्या विसांतल्या दहा माझ्या आहेत ना? सगळ्या तुला दिल्या. वारा, तू लाव."

आधी मला त्या 'तू'चं नवल वाटलं, आणि मग बाकीच्याचं.

मी बास्तियानाची पिशवी राखली. प्रिंटर कुरकुरला, लेबल बाहेर आलं. मी ते पिशवीवर चिकटवलं आणि केंद्रातल्या परिचारिकेने चाचणीसाठी आणलेल्या रुग्णालयाच्या यंत्रासमोर धरलं. टिंग.

पडद्यावर नाव आलं – फेलिसा.

बास्तियानाची पिशवी, फेलिसाचं नाव, फेलिसाचा रक्तगट. बाहेर चौकातून बँडचा आवाज येत होता. मला फक्त सोमवार दिसत होता. पांढरी चादर आणि आईचा हात.

डॉ. सापाना दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या कळलं नव्हतं. "रक्त चढवण्याआधी आम्ही पुन्हा जुळवून बघतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ती आमची शेवटची भिंत आहे. रोज तिच्यावर येऊन आपटायचं नसतं. चूक कोणाची?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडण्याआधी एवेर उभा राहिला.

"माझी. आमच्या घरात कुणालाच शेपूट नाही, म्हणून मला ते सुचलंच नाही. यांनी दोन महिन्यांपूर्वी ही चाचणी सगळ्यात वर ठेवली होती आणि मी लिहिलं होतं की यादी भावनिक आहे." तो क्षणभर थांबला. "यादी बरोबर होती. माझीच आळशी होती."

"पण उद्घाटन… पाहुणे…" साहेब चाचरत म्हणाले.

"बारापर्यंत झालं तर बाराला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही झालं, तर आलासितास पुढच्या वर्षीही येणारच आहे."

एवेर बसला. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. दीड तास आम्ही कामाचंच बोललो, पण आमचे खांदे टेकलेले होते आणि दोघांपैकी कोणीही ते हलवले नाहीत. अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याने बोटं कळफलकावरून उचलली.

"झालं. आता काय काय परत तपासायचं? सगळंच बदललं असेल तर?"

"निदान कालच्या सगळ्या परत घ्या!" साहेब म्हणाले. लाल बघितल्यावर ते एकदम कडक झाले होते.

"कालच्या पन्नासांना सहा तास लागतील," मी म्हणाले. "आणि नुसती दोनशे सात घेऊनही भागणार नाही. तू लेबलाला हात लावलास. म्हणजे ज्या ज्या चाचणीच्या वाटेत लेबल येतं, त्याच घ्यायच्या." मी रश्श्याचे डाग पडलेली यादी काढली आणि खुणा केल्या. शेपटीवाला. बिनशेपटीचा. जुना सहा आकडी क्रमांक. नवजात बाळ, ज्याला क्रमांकच नाही. फाटलेलं लेबल. परत छापलेलं लेबल. "सहा. बेचाळीस मिनिटं."

"आणि एखादी राहून गेली असेल तर?" साहेबांनी विचारलं.

"तर मी जबाबदार," मी म्हणाले. आणि शब्द मागे घेतला नाही.

शेपटीवाला… हिरवा. पडद्यावर बास्तियाना आली, पूर्ण, शेपटीसकट! मी एवेरचा दंड इतका घट्ट धरला की तो "आई गं" म्हणाला. बिनशेपटीचा, हिरवा. सहा आकडी, हिरवा. बाळ, हिरवं. फाटलेलं लेबल यंत्राने नाकारलं, म्हणजे तेही हिरवं. परत छापलेलं… यंत्र थांबलं. मी डोळे मिटले.

टिंग.

अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. परिचारिका ओरडली, डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी – विश्वास ठेवा – माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"वारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाराला उद्घाटनाचं बटण तू दाबायचंस. पाहुण्यांसमोर. हक्क तुझा आहे."

मी घड्याळाकडे बघितलं. तेरा मिनिटं. बटण, पाहुणे, फोटो… आणि समोरचा चौक. मी आयुष्यभर याद्याच लावत आले आहे. ही लावायला मला एक क्षणही लागला नाही.

"बटण साहेब दाबतील," मी म्हणाले आणि धावत सुटले.

*

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोपरं मारत, शिव्या खात मी आईच्या फळीपाशी पोहोचले.

"आई, कोंबडी दे!"

"कोंबडी मुलांना देतात. तुला काय करायची?"

"आई!"

"आणि चाचणीचं काय झालं?"

"पास. शेपटीसकट. सोमवारची पिशवी तुझीच येणार."

आईचे डोळे भरले. तिने ते शालीने टिपले नाहीत की काही नाही, सरळ फळीखाली हात घातला आणि गुंडाळून ठेवलेली कोंबडी काढली. "कालच बाजूला ठेवली होती," ती म्हणाली. "जा. पाच मिनिटं राहिलीत."

मी वळले तर समोर एवेर. तोंड उघडं, छातीचा भाता, एका हाताने खांब धरलेला आणि दुसऱ्या हातात माझ्या टेबलावरचा कोंबडा.

"धावू नये… या उंचीवर…" तो धापा टाकत म्हणाला.

"मग धावलास कशाला?"

"सकाळी… पहारेकऱ्याने अर्थ सांगितला. कोंबड्याचा."

"सकाळी? मग काल पळालास तो…"

"काल लेबलासाठी पळालो! अर्थ माहीत असता तर…" त्याने श्वास घेतला. "तर आधी कोट घालून आलो असतो. नीट, भांग वगैरे पाडून. पण आता अर्थ कळल्यावर मला यात एक मोठी चूक दिसते आहे, वारा."

"चूक?"

"नवरा मिळो, एवढंच. कुठला नवरा? काही लिहिलेलंच नाही! उद्या ओरुरोचा कोणीही येऊन उभा राहील." आणि त्याने कोंबडा उलटा केला. बुडाला एक पांढरंशुभ्र लेबल होतं, आमच्याच प्रिंटरवर छापलेलं. एवेर रोका. खाली त्याचा क्रमांक, पूर्ण. आणि त्याच्यामागे दोन रिकामी घरं.

"ही रिकामी का?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"मला शेपूट नाही. पण आता मी जागा सोडायला शिकलोय."

मी केसांत खोचलेलं पेन काढलं आणि त्या रिकाम्या घरांत माझ्या नावाची दोन आद्याक्षरं लिहिली. मग कोंबडी त्याच्या तळहातावर ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला, माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच क्षणी शहरातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजायला लागल्या. यातिरी, म्हणजे धूप दाखवणारा आमचा म्हातारा पुरोहित, आमच्यापुढे धुपाटणं फिरवत आला, पाकळ्या उधळल्या, वाइनचे थेंब शिंपडले. समोर केंद्राच्या दारात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी बटण दाबलं असणार. धुरात माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एवेरने ते अंगठ्याने पुसलं.

पुसलं नाही. टिपलं.

"शिकलास," मी म्हणाले आणि भर चौकात, आईसमोर, शेजारणींसमोर, त्याच्या घामाने ओल्या शर्टात तोंड लपवलं.

सोमवारी सकाळी रुग्णालयात परिचारिकेने आईची पिशवी यंत्रासमोर धरली. टिंग. बास्तियाना चुकिमिया, क्रमांक आणि मागे शेपूट. आईने स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घेतलं. मग तिने मान वळवली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एवेरला विचारलं, "कोंबडी सांभाळली आहेस ना रे?"

त्याने आपल्या नव्या कोऱ्या, जाडजूड लोकरी कोटाच्या खिशातून ती काढून दाखवली.